शांत काळातले व्रण

मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव अवघड, पण गोष्ट समजायला सोपी आहे. विजेच्या तारेवर वेष्टन असतं, तसं आपल्या मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं. शरीराची संरक्षक यंत्रणाच या आवरणावर उलटते आणि मेंदूत, मज्जारज्जूत जागोजागी व्रण उठतात. पॅरिसच्या डॉ. शार्को यांनी १८६८ साली या आजाराचं नेमकं वर्णन केलं. त्या काळी हे व्रण दिसत ते मृत्यूनंतरच. जिवंत माणसाच्या मेंदूतले व्रण १९८१ साली लंडनमध्ये एमआरआयने स्पष्ट दाखवले.

या आजारात नजर अंधुक होते, पाय बधिर होतात आणि काही आठवड्यांनी पुष्कळदा बरंही वाटतं. घरचे म्हणतात, ‘गेलं एकदाचं दुखणं!’ पण त्या शांत काळातही नवे व्रण उमटत असू शकतात. म्हणून डॉक्टर ठरावीक काळाने, बहुधा वर्षाकाठी, पुन्हा एमआरआय करायला सांगतात आणि जुन्या चित्राशेजारी नवं ठेवून पाहतात. गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं, तर ताजा व्रण उजळून दिसतो. नवे व्रण आढळले, तर औषध बदलायचं का, हे वेळीच ठरवता येतं.

मात्र चित्र म्हणजे माणूस नव्हे. पुष्कळ व्रण असून कुणी नीट चालतो; थोडेच असून कुणाला काठीशिवाय चालवत नाही. थकवा तर चित्रात उमटतच नाही. तेव्हा डॉक्टरांनी चित्र पाहावं, तसं रुग्णाचंही ऐकावं. आणि रुग्णाने, बरं वाटतंय म्हणून, तपासणी चुकवू नये.