तांड्यांतील लेंगी

गेल्या फाल्गुनांत आम्ही मानोरा तालुक्यांतील एका बंजारा तांड्यावर होळीस गेलों होतों. वाशीमांत सारें आयुष्य गेलें. वर्गांत दरसाल पांचदहा मुलें तांड्यांवरचीं असत. परंतु त्यांच्या घरीं सणास जाण्याचा योग मात्र साठी उलटल्यावर आला. आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यास मोटार चालवितो. त्यानें मुद्दाम निरोप पाठविला : “गुरुजी, यंदा लेंगी ऐकावयास याच.”

लेंगी म्हणजे होळीचें गाणें आणि त्याबरोबरचा फेर. होळीच्या कितीतरी दिवस आधींपासून रात्रीं तांड्यांत डफ वाजूं लागतो. एकानें चरण उचलावा, बाकीच्यांनीं तो झेलावा, आणि साऱ्यांनीं मिळून वर्तुळांत पुढें वांकत, मागें सरत नाचावें, अशी पद्धत. देवादिकांचीं, सेवाभायांचीं म्हणजे संत सेवालाल महाराजांचीं, तशीं दीर-भावजयांच्या थट्टेचींहि गाणीं असतात. आमच्यासमोर एका गड्यानें तर गांवच्या बिघडलेल्या रस्त्यावर तेथल्या तेथें चरण रचला, आणि नायकापासून पोरांपर्यंत सारे खो खो हंसले. आम्हीहि हंसलों, अर्थ मात्र शेजाऱ्यास विचारावा लागला.

संस्कृताची संवय असल्यामुळें आमचें लक्ष पायांपेक्षां शब्दांकडे आधीं जातें. लवण वाहणारे ते लमाण, आणि वाणिज्य करणारे ते वणजारे, अशी व्युत्पत्ति लावितात. ती ठाऊक होती. परंतु होळीच्या दिवशीं पुढाकार घेणाऱ्या तरुणांस तांड्यांत ‘गेरिया’ म्हणतात हें ऐकलें, आणि आम्ही चमकलों. मारवाडांत होळीला जें नृत्य होतें त्याचें नांव ‘गैर’, आणि तें नाचणारे ‘गैरिये’! वर्षभरांत जन्मलेल्या मुलाचा होळीला ‘धुंड’ नांवाचा संस्कार तांड्यांत करितात. आईच्या मांडीवर बाळ असतें, आणि गेरिये त्यावर काठी धरून काठ्यांच्या तालावर आशीर्वाद म्हणतात. राजस्थानांत त्याच सणाला नवजात बाळाची ‘ढूंढ’ होते. मारवाड कोठें आणि मानोरा कोठें! मधल्या शतकांत या लोकांनीं बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून सारा दक्षिण देश पालथा घातला, मोंगलांच्या फौजांस दाणा पोंचविला, १८०३ च्या स्वारींत वेलस्लीच्या छावणीसहि पोंचविला. पण निघतांना घेतलेला शब्द वाटेंत सांडला नाहीं.

पुढें रेल्वे आली. १८६७ मध्यें ती वऱ्हाडांतून नागपुरापर्यंत पोंचली, आणि बैलांचा व्यापार बसला. त्यापाठोपाठ १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि त्याखालीं ठिकठिकाणीं यांचीं नांवें चढलीं. तो कलंक कायद्यांतून १९५२ सालीं पुसला गेला. लोकांच्या मनांतून केव्हां जाईल तें सांगवत नाहीं. फिरते तांडे स्थिर झाले, शेती करूं लागले. मानोरा तालुक्यांतच पोहरादेवी आहे. तेथें सेवालाल महाराजांची समाधि असल्यामुळें रामनवमीला कर्नाटक, तेलंगण, आंध्र येथूनहि लोक येतात. एकाची शाळा कानडींत झालेली, दुसऱ्याची तेलुगूंत, तिसऱ्याची मराठींत. परंतु समाधीपाशीं सारे एकाच गोरमाटी बोलींत बोलतात. तेथें ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं बंजारा विरासत संग्रहालयाचें उद्घाटनहि झालें. उत्तम झालें, परंतु लेंगीस कांचेच्या कपाटांत ठेवितां येत नाहीं.

तांड्यांत त्या रात्रीं फेटिया-कांचळीचा पुरा पेहराव फक्त आमच्या विद्यार्थ्याच्या आईच्या अंगावर होता. सुना साडींत होत्या. शाळेच्या संमेलनांत हल्लीं मुली भाड्याचा फेटिया नेसून पांच मिनिटें ‘बंजारा नृत्य’ करितात, आणि टाळ्या घेऊन उतरतात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. तथापि तेथें एक बाजू नाचते व एक बाजू पाहते. तांड्यांत पाहणारा असा कोणी नसतोच. आम्हांसहि आजीबाईंनीं हाताला धरून फेरांत ओढलें. गुडघ्यांची सबब त्यांनीं मानली नाहीं.

देशांतर केलेल्या लोकांनीं नाच कसा टिकवावा याचा दुसरा एक नमुना आमच्या वाचनांत आहे. स्पेन व फ्रान्स यांच्या सीमेवर, पिरेनीज पर्वताच्या आसपास, बास्क नांवाचे लोक राहतात. त्यांच्या भाषेचें युरोपांतील दुसऱ्या कोणत्याहि भाषेशीं नातें लागत नाहीं. त्यांतले पुष्कळजण मेंढपाळ म्हणून अमेरिकेंत आयडाहो प्रांतीं गेले. १९६० सालीं तेथील बॉइसी शहरांतले कांहीं तरुण पूर्वजांच्या देशीं जाऊन सान सेबास्तियनच्या ‘ओइंकारी’ मंडळाकडून नाच शिकले, आणि परत येऊन त्याच नांवाचें मंडळ त्यांनीं काढलें. त्या वेळीं स्पेनमध्यें फ्रँकोची राजवट बास्क भाषेची गळचेपी करीत होती. तें मंडळ आजहि नाचतें. ठरलेल्या वेळीं तालीम, ठरलेला वेष, लहानांना मोठ्यांनीं शिकवावयाचें, असा शिस्तीचा कारभार. पाऊल अशा रीतीनें खात्रीनें टिकतें.

मग तांड्यांतहि तालमीचा वर्ग काढावा काय? आम्हांस प्रथम तसेंच वाटलें. जन्मभर वर्गच घेतले ना! परंतु लेंगीचें पाऊल सोपें आहे; तें आठ वर्षांचें पोर अर्ध्या रात्रींत शिकतें, हें आम्हीं पाहिलें. अवघड आहे तो चरण. रस्त्यावरचा चरण त्या गड्यास कोणी शिकविला नव्हता. तो ज्या भाषेंत भांडतो, स्वप्नें पाहतो, तिच्यांतच त्यास तो सुचला. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणांत १९०७ सालीं ‘लभाणी’ म्हणून जिची नोंद झाली ती हीच भाषा. ती गेली तर जुनीं गाणीं पाठ म्हणतां येतील. नवीन एकहि होणार नाहीं.

आणि येथेंच आम्हांस मान खालीं घालावी लागते. आमच्या विद्यार्थ्याचा मुलगा सुट्टी काढून बापाबरोबर आला होता. फेरांत तो सर्वांआधीं शिरला. परंतु आजीनें कांहीं विचारलें कीं बापाच्या तोंडाकडे पाही. “घरीं गोरमाटी बोलत नाहींस काय?” असें आम्हीं विद्यार्थ्यास विचारलें. तो क्षणभर थांबला. “गुरुजी, आम्ही वर्गांत याडी म्हटलें कीं तुम्ही पाटीवर दहा वेळां ‘आई’ लिहावयास लावीत असां. माझ्या पोराला तें लिहावें लागूं नये, म्हणून मी घरीं मराठीच धरली.” त्यानें रागानें म्हटलें नाहीं. उलट मराठी चांगली झाली म्हणून नोकरी लागली, असेंहि तो म्हणाला. आम्हीं तें त्यांच्या भल्यासाठींच केलें होतें. शुद्ध बोलण्यास आधींचें बोलणें विसरावें लागतें, अशी आमची समजूत होती. आमच्या घरीं आमची आजी आमच्याशीं चित्पावनी बोले, आणि त्यानें आमचें संस्कृत कोठें अडलें नाहीं, हें मात्र तेव्हां ध्यानांत आलें नाहीं.

होळी त्यांच्याकडे पहाटे पेटते. ती पेटेपर्यंत आम्ही जागे राहिलों, आणि सकाळीं आजीबाईंपुढें वही घेऊन बसलों. तेव्हांपासून महिन्यांतून दोनदां तांड्यावर जाणें होतें. या बोलीस स्वतंत्र लिपि नाहीं. तीच लेंगी इकडे देवनागरींत, हैदराबादेकडे तेलुगूंत आणि विजापुराकडे कानडींत लिहिली जाते. आमचें ऱ्हस्व-दीर्घ चुकलें कीं आजीबाईंना वाचून दाखवितांना त्या हात हलवितात, आणि आम्ही खोडून पुन्हां लिहितों. सतरा लेंग्या उतरल्या आहेत. अठरावी मध्येंच अडली. शेवटचें कडवें पुसदकडे दिलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणीस येतें म्हणतात. दिवाळीनंतर आजीबाईंना घेऊन तिकडे जावयाचें ठरलें आहे. नातूहि त्या सुट्टींत येणार आहे; वही धरावयास त्याला बरोबर नेऊं.