खताच्या मशीनचे रोलर लवकर का झिजतात?

डोंबिवलीहून गाडी पकडलीय, कानात इअरफोन आहेत, असं धरून सुरू करतो. ज्यांना गर्दीत नीट ऐकू आलं नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

आपल्या एमआयडीसीत केमिकल कारखान्यांच्या जोडीला लेथ आणि वेल्डिंगची छोटी वर्कशॉपंही आहेत. आयटीआय करून तिथे लागलात, तर झिजलेला रोलर कधी ना कधी हातात येणारच. म्हणून आज खताच्या रोलरबद्दल बोलू.

रसवंती आठवा. दोन रोलरमध्ये ऊस जातो, चिपाड बाहेर येतं. पोटॅशसारख्या खताचे दाणे करायची एक पद्धत अशीच आहे. कोरडी पावडर उलट दिशेने फिरणाऱ्या दोन रोलरमध्ये दाबायची, कडक पापडी तयार करायची, ती फोडायची आणि चाळायची. एनपीके खताच्या सरकारी नियमात किमान 90 टक्के दाणे 1 ते 4 मिलिमीटरचे लागतात. बारीक भुगा उरला की तो पुन्हा रोलरमध्ये!

आता झीज. कारणं मुख्यतः तीन.

पहिलं, कच. रॉक फॉस्फेटमधली वाळू पॉलिश पेपरसारखी लोखंड घासते. त्यात एखादा खिळा किंवा नट आला, तर रोलरला थेट खड्डा पडतो. म्हणून फीडच्या आधी चाळणी आणि चुंबक हवंच.

दुसरं, गंज. पोटॅशमध्ये क्लोराइड असतं आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवा कायम दमट. मशीन बंद ठेवलं की चिकटलेलं खत पाणी ओढतं, रोलर गंजतो. सुरू केल्यावर गंज घासून निघतो, आतलं लोखंड उघडं पडतं, तेही गंजतं. उपाय साधा: शिफ्ट संपताना रोलर साफ आणि कोरडे करायचे.

तिसरं, एकसारखं नसलेलं फीड. कडेने पावडर निसटते, त्यामुळे मधे दाब जास्त येतो आणि रोलर मधूनच आधी झिजतो. तिथली फट वाढते, पापडी मऊ होते, भुगा वाढतो. तोच भुगा परत रोलरमध्ये, म्हणजे झीज आणखी! अशा वेळी अनेकजण प्रेशर वाढवतात, पण ते दुखण्यावर औषध नाही. आधी फीड पूर्ण रुंदीवर सारखं पसरवा. फीलर गेजने दोन्ही टोकांना आणि मधे फट मोजा, वहीत तारखेसह लिहा. आकडा सरकताना दिसला, की ब्रेकडाऊनची वाट बघावी लागत नाही.

झिजलेल्या रोलरवर हार्डफेसिंग करता येतं, म्हणजे कार्बाइडयुक्त कडक धातूचा थर वेल्डिंगने चढवतात. पण घाई नको. रोलर आधी सावकाश तापवायचा, नंतर सावकाशच थंड होऊ द्यायचा. नाहीतर तडे जातात आणि थर सुटून पडतो. बेअरिंगचं सीलही बघा, खताची धूळ ग्रीसमध्ये गेली की तेही संपलं.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. चिकटलेलं खत चालू रोलरवरून पत्र्याने खरवडायचा मोह होतो, ‘दोन मिनिटांचं काम’ म्हणून. रोलर बोट आणि पावडर यात फरक करत नाही. मेन स्विच बंद, त्याला कुलूप आणि किल्ली आपल्याच खिशात, मगच हात आत. सुपरवायझर ओरडला तरी चालेल. रोलर नवा बसवता येतो, हात नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!