हेडलाइटवरची अदृश्य त्वचा

दहा-बारा वर्षं उघड्यावर उभी राहिलेली एखादी गाडी शोधा आणि तिच्याभोवती एक फेरी मारा. पुढचे दिवे पिवळट, धुरकट झालेले दिसतील. मागचे लाल दिवे मात्र बहुधा अजून चांगले असतील. ऊन दोघांनी सारखंच खाल्लं, पावसाळेही तेवढेच काढले. तरी पुढचे म्हातारे झाले आणि मागचे नाहीत. असं का व्हावं?

कारण ही दोन प्लास्टिकं वेगळी आहेत. मागच्या दिव्यांची झाकणं सहसा ॲक्रिलिकची असतात, पुढच्या दिव्यांची पॉलिकार्बोनेटची. ॲक्रिलिकच्या रेणूला सूर्याच्या अतिनील किरणांशी फारसं देणंघेणं नसतं. ते किरण त्यातून बव्हंशी निघून जातात. पॉलिकार्बोनेटच्या साखळीत मात्र जागोजागी बेंझिनची कडी असतात आणि ती हे किरण शोषून घेतात. मग पुढेही ॲक्रिलिकच का लावत नाहीत? कारण पुढच्या दिव्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने येणारा खडा झेलायचा असतो, शिवाय आतल्या बल्बची उष्णताही सोसायची असते. ॲक्रिलिक तडकतं. पॉलिकार्बोनेट तडकत नाही. अपोलो मोहिमांतल्या चांद्रवीरांच्या शिरस्त्राणाचा पारदर्शक गोल याच प्लास्टिकचा होता.

पॉलिकार्बोनेट जन्मलं १९५३ साली, आणि तेही जवळजवळ एकाच वेळी दोन ठिकाणी. जर्मनीत बायर कंपनीच्या हेरमान श्नेलने ते घडवलं आणि अवघ्या आठवड्याभरात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्सच्या हाती तेच लागलं. मोटारीच्या दिव्यापर्यंत पोहोचायला मात्र त्याला तीस वर्षं लागली. अमेरिकेत १९४० पासून काचेचे ठरावीक मापाचे सीलबंद दिवे सक्तीचे होते. ते बंधन सैल झालं तेव्हा १९८४ सालच्या लिंकन मार्क सेव्हन या गाडीला प्लास्टिकच्या झाकणाचे, गाडीच्या अंगाबरोबर वळणारे दिवे आले. आपल्याकडच्या अँबॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनीचे गोल दिवे काचेचे होते. ते फुटायचे, पण पिवळे पडायचे नाहीत. आजच्या गाड्यांचे बाणेदार, तिरके, बॉनेटवर चढत गेलेले दिवे काचेत करायचे तर ते जड होतील आणि परवडणारही नाहीत. तो आकार पॉलिकार्बोनेटमुळेच शक्य झाला.

आता पिवळेपणाकडे येऊ, कारण तो साधा मळ नाही. अतिनील किरणाचा एक कण रेणूवर आदळतो तेव्हा त्याच्या अंगी कार्बन आणि ऑक्सिजनमधला बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. बंध तुटतो, सुटलेला तुकडा फार दूर जात नाही आणि शेजारच्याच कड्यावर दुसऱ्या जागी जाऊन बसतो. या फेररचनेतून जे नवे रेणू तयार होतात ते निळा-जांभळा प्रकाश शोषू लागतात. पांढऱ्यातून निळा वजा झाला की उरतो पिवळा. यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अशी की या नव्या रेणूंत बेंझोफिनोनच्या जातीचे रेणू असतात, आणि त्याच कुळातले रेणू आपण उन्हात जाताना लावतो त्या सनस्क्रीनमध्ये वापरले जातात. म्हणजे जखम होता होता प्लास्टिक स्वतःच स्वतःसाठी सनस्क्रीन बनवत असतं. म्हणूनच बिघाड वरच्या अगदी पातळ थरापुरता राहतो. खालचं दोन-तीन मिलिमीटर प्लास्टिक ठणठणीत असतं.

पिवळेपणाबरोबर ऑक्सिजन आणि ओलाव्याने सूक्ष्म भेगा पडतात आणि धूसरपणा येतो. रस्त्यावर खरा घात करतो तो हा धूसरपणा. गाडीच्या लो बीमला वरून एक ठळक सीमारेषा असते: तिच्या खाली उजेड, वर अंधार, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत जाऊ नये. भेगाळलेलं झाकण हा नीट आखलेला प्रकाश वाटेल तिकडे उधळतं. त्यामुळे आपल्याला रस्ता कमी दिसतो आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतात. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये जुने, पिवळे पडलेले दिवे तपासले, तेव्हा त्यांतून नव्या दिव्याच्या जेमतेम एक पंचमांश प्रकाश बाहेर पडत होता. घाटातल्या रात्रीच्या वळणावर बाकीच्या चार पंचमांशाची किंमत काय, हे वेगळं सांगायला नको.

कारखान्यातून निघताना प्रत्येक पॉलिकार्बोनेटच्या दिव्यावर एक कडक लेप असतो, काही मायक्रॉनच जाडीचा. त्यात अतिनील किरण शोषणारे रेणू मिसळलेले असतात. त्यांतलं एक नेहमीचं कुटुंब म्हणजे बेंझोट्रायाझोल. या रेणूत एका ऑक्सिजनला हायड्रोजनचा एक अणू चिकटलेला असतो आणि जवळच एक नायट्रोजन असतो. अतिनील कण येऊन आदळला की तो हायड्रोजन ऑक्सिजनला सोडून नायट्रोजनकडे उडी मारतो. सेकंदाचे दहा लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या साधारण एका भागात ही उडी पूर्ण होते. लगेच रेणू आपली जादा ऊर्जा थरथरून, उष्णतेच्या रूपात सोडून देतो आणि हायड्रोजन मुकाट जागेवर परततो. बंध तोडायला निघालेला किरण थोडीशी ऊब होऊन विरतो. मग पुढचा कण, पुन्हा उडी, पुन्हा परत. एप्रिल-मे महिन्यात महाराष्ट्रात भर दुपारी अतिनील निर्देशांक अकराच्या वर जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या दिव्यावर अशा अगणित उड्या चाललेल्या असतात. आणि हे सगळं होताना ४०० नॅनोमीटरच्या पलीकडचा दृश्य प्रकाश तिथून बिनबोभाट ये-जा करतो. तरंगलांबीत इतका सूक्ष्म फरक असलेल्या दोन किरणांपैकी एकाला अडवायचं आणि दुसऱ्याला हातही लावायचा नाही, हे काम पारदर्शक दिसणारा थर करत असतो.

पण हा लेप कायमचा नसतो. वाळू, खडे, वायपरखालून ओघळणारी धूळ, जोरात घासलेलं कोरडं फडकं, यांनी तो झिजतो. त्यातले रेणूही हळूहळू थकतात. लेप गेला की पॉलिकार्बोनेट उघडं पडतं. म्हणून त्यावर आणखी एक थर चढवायचा: प्रोटेक्शन फिल्म.

या फिल्मची गोष्ट सुरू होते युद्धात. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरच्या पंख्यांची पाती वाळूने आणि उडत्या कचऱ्याने झिजत होती. त्यांच्या पुढच्या कडेवर लावण्यासाठी थ्रीएम कंपनीने पॉलियुरेथेनची चिवट फिल्म तयार केली. पोलादाहून मऊ असलेला पदार्थ धातूला वाचवतो, हे ऐकायला उलटं वाटतं. कठीण पृष्ठभाग मात्र आघाताची सगळी ऊर्जा एका बिंदूवर घेतो आणि तिथेच टवका उडतो. पॉलियुरेथेन आत दबतं, ऊर्जा आजूबाजूला पसरवतं आणि पुन्हा वर येतं. त्याच्या लांबलचक साखळीत कडक आणि मऊ असे तुकडे आलटून पालटून असतात. कडक तुकडे एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, मऊ तुकडे ताणले जातात. हाच गुण चांगल्या फिल्मवरच्या बारीक ओरखड्यांना उन्हात किंवा कोमट पाण्याने बुजवतो. ऊब मिळाली की वळलेल्या, ताणलेल्या साखळ्या मोकळ्या होतात आणि आपल्या मूळ ढिल्या गुंत्यात परत जातात. पृष्ठभाग आपोआप सपाट होतो. खोल काप मात्र असे भरत नाहीत, कारण तिथे साखळ्याच तुटलेल्या असतात.

फिल्म विकत घेताना एकच गोष्ट आवर्जून विचारावी: ती कोणत्या पॉलियुरेथेनची आहे? ज्याच्या रचनेत बेंझिनची कडी आहेत ते ॲरोमॅटिक पॉलियुरेथेन स्वस्त असतं आणि पॉलिकार्बोनेटच्याच वाटेने पिवळं पडतं. ॲलिफॅटिक प्रकारात ती कडी नसतात, म्हणून तो वर्षानुवर्षं स्वच्छ राहतो. स्वस्तातल्या पीव्हीसीच्या फिल्म ताणायला अवघड असतात आणि लवकर कडक होतात. दिव्यासाठी मी तरी त्यांच्या वाटेला जाऊ नये असंच सांगेन.

दिव्यावर आणखी एक थर चढवला तर उजेड कमी होणार नाही का? प्रकाश हवेतून प्लास्टिकमध्ये किंवा प्लास्टिकमधून हवेत जाताना प्रत्येक सीमेवर सुमारे पाच टक्के परावर्तित होतो, कारण हवेचा वक्रीभवनांक १ आणि पॉलिकार्बोनेटचा १.५८ च्या आसपास. फिल्म आणि तिचा गोंद यांचे वक्रीभवनांक मात्र १.५ च्या जवळपास असतात. त्यामुळे गोंद आणि पॉलिकार्बोनेट यांच्या सीमेवर जेमतेम एक दशांश टक्का प्रकाश परततो. ती सीमा प्रकाशाच्या दृष्टीने जवळजवळ उरतच नाही. परावर्तन होतं ते फिल्म आणि हवा यांच्या एकाच नव्या सीमेवर, आणि तेही पूर्वीइतकंच किंवा किंचित कमी. याच कारणाने झाकणावरचे बारीक ओरखडेही फिल्मखाली नाहीसे होतात. गोंद त्यांत भरतो आणि प्रकाशाला तिथे वळायचं कारणच राहत नाही. घरी करून पाहायचं असेल तर घासलेल्या धुरकट काचेच्या खरबरीत बाजूवर सेलोटेप दाबून चिकटवा. तेवढ्याच पट्टीतून पलीकडचं दिसू लागेल.

आता प्रत्यक्ष लावण्याचं काम. कार डिटेलिंगच्या दुकानात हे पाहण्यासारखं असतं, कारण इथे कारागिराला थेट भूमितीशी झुंजायचं असतं. १८२७ साली गाउसने सिद्ध केलं की सपाट पृष्ठभाग ताणल्याशिवाय किंवा दुमडल्याशिवाय गोलावर बसवता येत नाही. पृथ्वीचा कोणताही सपाट नकाशा कुठे ना कुठे खोटा का असतो, याचं मूळ याच प्रमेयात आहे. आजचा हेडलाइट एकाच वेळी दोन दिशांना वळलेला असतो. कागद त्यावर कधीच बसणार नाही. पॉलियुरेथेन बसतं ते फक्त ताणलं जातं म्हणून. कारागीर मधला भाग आधी बसवतो आणि कडांकडे जाताना किती ताणायचं, कुठे सैल सोडायचं हे बोटांनी ठरवतो. जास्त ताणलेली कड काही दिवसांनी आक्रसते आणि उचकटते. म्हणून कडेला शक्यतो फिल्म ताणलेली नको.

त्याआधीची तयारी कंटाळवाणी, पण निर्णायक असते. दिवा धुवायचा, चिकटलेली डांबराची टिकली आणि धूळ क्ले नावाच्या मऊ गोळ्याने काढायची, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. मग दिवा आणि फिल्मची गोंदाची बाजू, दोन्हींवर शाम्पू मिसळलेलं पाणी भरपूर फवारायचं. लहान मुलांच्या शाम्पूचे काही थेंब पुरतात. शाम्पू पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून कमी करतो, पाणी पातळ पडदा होऊन पसरतं आणि त्या पडद्यावर फिल्म सरकत राहते. तिला हवी तिथे नेता येते, चुकली तर उचलून पुन्हा ठेवता येते. हा गोंद दाबाने चिकटणारा असतो. त्याचे रेणू प्लास्टिकच्या रेणूंपासून नॅनोमीटरभर अंतरावर आले की त्यांच्यातली क्षीण आकर्षणं एकत्र येऊन घट्ट पकड घेतात. मधलं पाणी ही जवळीक होऊ देत नाही. जागा पक्की झाली की स्क्वीजीने मधून कडेकडे पाणी हाकलायचं, आणि जिथून पाणी गेलं तिथे फिल्म धरते. कडांना थोडा जोर हवा असेल तर पाण्यात अल्कोहोल मिसळून मारतात. ते शाम्पू धुऊन काढतं आणि पकड लवकर येते. वळणावर हीट गनची हलकी ऊब द्यायची. फिल्म मऊ पडून आकार घेते.

काम झाल्यावर काही दिवस फिल्मखाली किंचित धूसरपणा किंवा पाण्याचे बारीक ठिपके दिसतात आणि गिऱ्हाईक घाबरतं. घाबरायचं कारण नाही. पॉलियुरेथेनमधून पाण्याची वाफ हळूहळू पार होते, उरलेला ओलावा तसाच निघून जातो. तेवढे दिवस गाडी प्रेशरच्या पाण्याने धुऊ नये. बोटाने दाबून हलणारा हवेचा फुगा किंवा आत अडकलेला धुळीचा कण मात्र आपोआप जात नाही.

आधीच पिवळ्या पडलेल्या दिव्यावर थेट फिल्म चिकटवणं म्हणजे रोग आत कोंडणं. आधी तो थर घासून काढावा लागतो: पाणी मारत ८०० किंवा १००० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात, मग १५००, २०००, ३०००, आणि शेवटी पॉलिश. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंतली टूथपेस्ट थोडी चमक आणते, कारण तिच्यात सौम्य घासणारे कण असतात. पण घासण्याच्या कोणत्याही उपायाने उरलासुरला कारखान्याचा लेपही जातो. उघडं पॉलिकार्बोनेट मग पहिल्यापेक्षा लवकर पिवळं पडतं. घासल्यावर फिल्म किंवा नवा लेप चढवलाच पाहिजे, आणि तो त्याच दिवशी.

एका मोहापासून सावध करावंसं वाटतं. दिवे काळपट, धुरकट दिसावेत म्हणून गडद फिल्म लावण्याची हौस अनेकांना असते. ती फिल्म दृश्य प्रकाशच गिळते, म्हणजे ज्यासाठी दिवा आहे तेच कमी करते. जुन्या गाड्यांच्या दिव्यांवर काळा ठिपका रंगवलेला असायचा. त्यामागे निदान समोरच्याचे डोळे दिपू नयेत हा विचार होता. दिव्यावर रंगहीन फिल्मच हवी.

चांगली फिल्म साधारण पाच ते दहा वर्षं टिकते. नंतर ती काढावी लागते आणि तिथेही घाई चालत नाही. गोंद झटका बसला की घट्ट धरतो आणि हळू ओढला तर वाहू लागतो. म्हणून आधी हीट गनने कोमट करायची आणि एक कोपरा उचलून, फिल्म पृष्ठभागाच्या जवळून मागे वळवत, संथपणे सोलायची. खाली राहिलेला गोंद अल्कोहोलच्या फडक्याने निघतो. पेट्रोल किंवा थिनर मात्र दिव्याला लावू नये, कारण असे द्रावक पॉलिकार्बोनेटमध्ये भेगा पाडतात.