काकांची मॅग व्हील्स आणि माझी फजिती

"तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग सांग की!" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळाच येतो. मेकॅनिकलवाल्यांना तर हा त्रास जास्तच! मिक्सरपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं आपल्याला आलंच पाहिजे, अशी घरच्यांची पक्की समजूत असते.

माझे काका पाथर्डीचे. त्यांची टुरिस्ट गाडी शिर्डी, शिंगणापूर अशी कायम फिरत असते. दिवाळीत त्यांनी हौसेने सेकंडहँड मॅग व्हील्स, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची अलॉय चाकं बसवली. महिन्याभरात पुढची दोन्ही चाकं काळी ठिक्कर! नगरला (2024 पासून जिल्हा अहिल्यानगर झाला, पण तोंडात नगरच बसलंय) एका वॉशिंग सेंटरवर गाडी घातली. तिथल्या पोराने एका बाटलीतलं काहीतरी ब्रशने चोळलं, फेस आला, धूर आला आणि चाकं आरशासारखी चमकली. काका खूश! दुसऱ्या दिवशी मात्र त्यावर पांढरट डाग दिसले. पुढच्या पावसाळ्यात लॅकरखाली दोऱ्यासारख्या वेड्यावाकड्या रेषा पसरल्या आणि व्हीलचे नट गंजले.

"कशानं झालं रे हे?" काकांनी विचारलं.

"अ‍ॅसिडनं," मी ऐटीत सांगितलं. फरशी धुवायचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. वास ओळखीचाच होता.

मग काकांनी 'नॉन-अ‍ॅसिड' लिहिलेला कॅन आणला. "ह्याने तरी काही व्हायचं नाही ना?" मी म्हटलं, "बिनधास्त वापरा."

इथे माझी चूक झाली.

सहज म्हणून त्या कॅनमधलं थोडं द्रव लॅबमध्ये नेलं आणि त्यात पीएच पेपर बुडवला. पेपर गडद निळा! पीएच 13 च्या आसपास. पीएचचा एक आकडा म्हणजे दहापट फरक, हे बारावीला घोकलेलं असतं. म्हणजे शुद्ध पाण्यापेक्षा हे दहा लाखपट अल्कधर्मी झालं. वर्कशॉपमधला अ‍ॅल्युमिनियमचा एक भंगार तुकडा त्यात टाकला, तर बुडबुडे! दुसरा तुकडा पातळ केलेल्या फरशीच्या अ‍ॅसिडमध्ये टाकला, तर तिथेही थोड्या वेळाने बुडबुडे. दोन्हीकडे हायड्रोजनच.

कारण सरळ आहे. अ‍ॅल्युमिनियम हा उभयधर्मी धातू आहे. हवेत त्यावर ऑक्साइडचा अगदी पातळ, काही नॅनोमीटरचा थर आपोआप तयार होतो आणि तोच त्याला वाचवतो. हा थर साधारण पीएच 4 ते 8.5 च्या दरम्यान टिकतो. त्याच्या खाली गेलात तरी विरघळतो आणि वर गेलात तरी! डब्यावरचा 'नॉन-अ‍ॅसिड' हा शब्द फक्त एकच बाजू सांगतो. आत कॉस्टिक सोडा असला तरी शब्द खोटा ठरत नाही. शिवाय चाकांच्या मिश्रधातूत 7 टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं. अल्कलीने अ‍ॅल्युमिनियम खाल्लं की ते मागे उरतं आणि पृष्ठभाग काळपट दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं, "अजून मळ राहिला, परत चोळा!"

आता कोणी म्हणेल, चाकावर लॅकर असतं की. बरोबर आहे. लॅकर अखंड असेल आणि क्लीनर मिनिटभरात धुतला, तर फारसं बिघडत नाही. पण सेकंडहँड चाकांवर खडी उडून टवके गेलेले असतात. क्लीनर तिथून आत शिरतो, क्लोराइड मागे राहतं आणि लॅकरखाली गंज दोऱ्यासारखा पसरत जातो. काकांच्या चाकांवर तेच झालं होतं.

मग साफ करायचं तरी कशानं? त्याआधी मळ कसला ते बघायला हवं. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल असेल तर पाणी, साबण आणि ब्रश पुरेसा आहे. त्याला अ‍ॅसिड लावणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके असतील तर गोष्ट वेगळी. ते कॅल्शियमचे क्षार, साबणाला दाद देत नाहीत. तिथे अ‍ॅसिडच लागतं, पण सौम्य. लिंबूसत्व पाण्यात पातळ करून गार चाकावर लावायचं आणि लगेच धुवायचं. गरम चाकावर द्रव वाळतं आणि आणखी तीव्र होतं.

काकांचा काळा थर मात्र ब्रेकचा होता. करंजी घाट उतरताना ब्रेकवर पाय असतोच. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढची डिस्क जास्त झिजते. डिस्क बिडाची, त्यामुळे लोखंडाचे तापलेले कण पॅडच्या भुकटीसोबत चाकात रुततात आणि पाणी लागलं की गंजतात. यासाठी जवळपास उदासीन पीएचचे 'आयर्न रिमूव्हर' मिळतात. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाला धरतं आणि द्रव जांभळं होतं. याच घराण्यातलं रसायन केस काढायच्या क्रीममध्ये असतं, त्यामुळे वास... विचारू नका! महाग आहे, आणि क्षारांच्या डागांवर त्याचा उपयोग नाही.

चाकं राहू द्या, मला जास्त काळजी त्या वॉशिंगवाल्या पोराची वाटते. त्याच्या बाटलीवर लेबलच नव्हतं आणि हातात मोजेही नव्हते. हायड्रोक्लोरिक निदान लगेच झोंबतं तरी. पण काही कडक व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. ते पातळ असलं तर सुरुवातीला दुखतही नाही. फ्लोराइड कातडीतून आत जातं, शरीरातलं कॅल्शियम पकडतं आणि वेदना काही तासांनी सुरू होतात. भरपूर पाण्याने धुऊन कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लावणं आणि ताबडतोब दवाखाना गाठणं हाच त्यावर उपाय. शेजारीच ब्लिचिंग पावडरचा डबा होता. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू!

परवा मी तिथे गेलो तेव्हा त्याला रबरी हातमोजे नेऊन दिले. "भाऊ, ह्यात ब्रश धरता येत नाही," तो म्हणाला. बाटलीत काय आहे असं विचारलं, तर म्हणाला, "शेठ कॅनमधून भरून देतात. पांढरं असतं." काकांचा नॉन-अ‍ॅसिडचा कॅन सध्या आमच्या जिन्याखाली पडून आहे आणि चाकं ते दर रविवारी शाम्पूने धुतात.