साडेचार सेकंदांची चाल

२०२५ सालच्या जुलै महिन्यात जॉर्जिया देशातील बाटुमी या समुद्रकाठच्या शहरात महिलांच्या विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धेचा अंतिम सामना झाला. एका बाजूला नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि दुसऱ्या बाजूला कोनेरू हंपी. हंपी ही त्या वेळची जलद बुद्धिबळातील जगज्जेती. सावकाश खेळायचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, तेव्हा निकालासाठी जलद डाव ठेवण्यात आले. त्यांतला पहिलाही बरोबरीत गेला. दुसऱ्या डावात हंपीच्या घड्याळातला वेळ संपत आला, डावाच्या अखेरीस तिच्या हातून चुका झाल्या आणि काळी मोहरी घेऊन खेळणारी दिव्या विजयी झाली.

या सामन्यात पटाइतकेच महत्त्व घड्याळाला आले. तुम्ही मोबाइलवर किंवा संगणकावर जे बुद्धिबळ खेळता ते तर याहूनही घाईचे असते. प्रत्येकाला ३ मिनिटे, कधी ५, तर कधी फक्त १ मिनिट. तुमच्यापैकी कित्येकांची तक्रार अशी असेल की शेकडो डाव खेळूनही आपले गुणांकन होते तेथेच आहे. ही तक्रार खरी आहे, आणि तिचे कारण शोधायचे तर आधी थोडा हिशेब केला पाहिजे.

एका डावात प्रत्येकाच्या साधारण ४० चाली होतात असे धरू. ३ मिनिटे म्हणजे १८० सेकंद. १८० भागिले ४०, म्हणजे एका चालीला साडेचार सेकंद. ५ मिनिटांच्या डावात साडेसात सेकंद, आणि १ मिनिटाच्या डावात अवघा दीड सेकंद! काही डावांत दर चालीला २ सेकंद वाढवून मिळतात. ही युक्ती माजी जगज्जेता बॉबी फिशर याची. अशा घड्याळाचे पेटंट त्याला १९८९ मध्ये मिळाले. ३ मिनिटांच्या डावात ही वाढ धरली तर ४० चालींत ८० सेकंद मिळतात, आणि चालीमागचा वेळ साडेसहा सेकंद होतो. दोन सेकंद दिसायला क्षुल्लक, पण वाढ जवळजवळ दीडपट आहे. शिकणाऱ्याने शक्यतो हाच प्रकार निवडावा.

आता हा साडेचार सेकंदांचा वेळ सगळा विचाराला मिळतो का? नाही. काही भाग डोळा आणि हात खाऊन टाकतात. तुमच्या मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला उभी धरायला सांगा. खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, तुमची दोन बोटे उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही ती पकडायची. समजा, ती २० सेंटिमीटर खाली आल्यावर तुमच्या चिमटीत सापडली. मुक्त पतनाच्या सूत्रात ही संख्या घातली की ०.२ सेकंद असे उत्तर येते. एवढ्या वेळात तुम्ही केले काय, तर एक गोष्ट पाहिली आणि बोटे मिटली. विचार असा काही केलाच नाही.

त्यापुढे हाताचे काम. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवून दिले की हात एखाद्या लक्ष्यावर नेताना लागणारा वेळ लक्ष्य किती दूर आहे आणि किती लहान आहे यांवर अवलंबून असतो. लक्ष्य लहान झाले की वेळ वाढतो, किंवा नेम चुकतो. फोनचा पडदा साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंद असतो. त्यात आठ घरे बसवली की एक घर आठ मिलिमीटरचे होते. आपल्या बोटाचा टेकणारा भाग जवळजवळ तेवढाच! मग वजीर एक घर अलीकडे पडला तर नवल नाही. म्हणून अगदी घाईचा डाव खेळायचाच असेल तर तो मोठ्या पडद्यावर खेळावा. प्रतिस्पर्ध्याची चाल येण्यापूर्वीच आपली चाल ठरवून ठेवण्याची सोयही असते, आणि तिला जवळजवळ शून्य वेळ लागतो. पण समोरच्याने भलतीच चाल केली, तरी आपली चाल नियमात बसत असेल तर ती होऊनच जाते! १ मिनिटाच्या डावात हात आणि डोळा यांचा वाटा इतका मोठा असतो की माझ्या मते तो डाव बुद्धिबळापेक्षा टंकलेखनाच्या परीक्षेला अधिक जवळचा आहे. गंमत म्हणून तो खेळावा, अभ्यास म्हणून नव्हे.

३ मिनिटांच्या डावात मात्र चालीमागे तीन-साडेतीन सेकंद तरी उरतात. एवढ्या वेळात निष्णात खेळाडू चांगली चाल शोधतो कशी? तो आपल्यापेक्षा दहापट वेगाने विचार करतो काय?

हा प्रश्न नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ आड्रियान डी ग्रूट याला पडला होता. तो स्वतः उत्तम बुद्धिबळपटू होता. त्याने थोर खेळाडूंना आणि साधारण चांगल्या खेळाडूंना एकच स्थिती देऊन मोठ्याने विचार करायला सांगितले. त्याचा प्रबंध १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. थोर खेळाडू फार अधिक चाली तपासतात किंवा फार खोलवर पाहतात असे त्याला आढळले नाही. फरक दिसला तो वेगळ्याच ठिकाणी. पट काही सेकंद दाखवून झाकला, तर थोर खेळाडू तो जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा मांडत असे. दुसऱ्याला ते जमत नसे.

अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये हाच प्रयोग पुढे नेला. (सायमन यांना पुढे १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) खऱ्या डावातील, दोन डझनांच्या आसपास मोहरी असलेली स्थिती पाच सेकंद दाखवली, तेव्हा निष्णात खेळाडूने सुमारे १६ मोहरी बरोबर मांडली, तर नवशिक्याने सुमारे ४. मग त्यांनी मोहरी पटावर वाटेल तशी विखरून ठेवली. आता निष्णात खेळाडूही नवशिक्याच्या पंक्तीला येऊन बसला! पुढच्या संशोधनात अशा विस्कळीत मांडणीतही तो किंचित सरस असतो असे दिसले, पण पहिल्यासारखी मोठी तफावत काही राहत नाही.

हा प्रयोग तुम्ही घरी अवश्य करा. एखाद्या पुस्तकातून विसाव्या चालीनंतरची स्थिती मांडा, पाच सेकंद पाहू द्या, वर्तमानपत्राने झाका आणि शेजारच्या रिकाम्या पटावर ती मांडायला सांगा. आधी घरातल्या चांगल्या खेळाडूवर आणि मग ज्याला फक्त मोहरी कशी चालतात एवढेच ठाऊक आहे अशा कोणावर तरी. त्यानंतर दोघांवर विस्कळीत मांडणीचा प्रयोग करून आकडे वहीत लिहा.

याचा अर्थ काय? किल्लेकोट केलेला राजा, त्याच्या शेजारचा हत्ती, समोरची तीन प्यादी आणि त्यांपुढचा घोडा अशी सहा मोहरी नवशिक्याला सहा वेगळ्या वस्तू म्हणून लक्षात ठेवावी लागतात. जाणत्याला ती एकच आकृती दिसते. 'कमळ' हा शब्द वाचताना आपण क, म, ळ अशी अक्षरे जुळवत बसत नाही, तसेच हे आहे. अशा सुमारे ५० हजार आकृती निष्णात खेळाडूच्या स्मरणात असाव्यात असा सायमन यांचा अंदाज होता. आकृती ओळखू आली की तिच्याबरोबर चालही सुचते. तीन प्याद्यांमागे कोंडलेला राजा दिसला, की हत्ती शेवटच्या ओळीवर नेऊन मात करता येईल का, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. जलद खेळ म्हणजे मुख्यतः ओळख. वेगाने केलेला विचार हा त्यातला लहान भाग.

गॅरी कास्पारोव्ह बलाढ्य खेळाडूंच्या संघांशी एकाच वेळी खेळत असे, तेव्हा त्याला प्रत्येक चालीला नेहमीपेक्षा पुष्कळच कमी वेळ मिळे. तरी त्याच्या खेळाची पातळी थोडीच खाली येई, असे गोबे आणि सायमन यांनी १९९६ मध्ये दाखवले. पण म्हणून विचाराला किंमत नाही असे समजू नका. शाब्री आणि हर्स्ट यांनी २००३ मध्ये ग्रँडमास्टरांचे डाव संगणकाने तपासले, तेव्हा सावकाश डावांपेक्षा जलद डावांत घोडचुका जास्त निघाल्या. वेळेचे मोल थोरामोठ्यांनाही द्यावे लागतेच.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. ५० हजार आकृतींचा साठा जलद डाव खेळून वाढतो का? फार थोडा. तीन सेकंदांत चाल केली, ती चुकली, डाव हरलो, लगेच पुढचा सुरू केला! चूक का झाली हे मेंदूला कळणार कधी? जे ठाऊक आहे तेच आपण पुन्हा पुन्हा वापरत राहतो, चुकीच्या सवयींसकट. नील चार्नेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये शेकडो खेळाडूंची माहिती तपासली. एकट्याने बसून केलेल्या गंभीर अभ्यासाचे तास आणि खेळाडूचे बळ यांचे नाते सर्वांत घट्ट निघाले. स्पर्धेतल्या खेळाच्या तासांचे नाते त्यामानाने कच्चे होते.

अभ्यास कशाचा करायचा हे मात्र प्रत्येकाच्या खेळाच्या ढंगावर ठरते. तो ओळखण्यासाठी आलेख कागद घ्या. डाव संपल्यावर प्रत्येक चालीला किती सेकंद लागले हे बहुतेक संकेतस्थळे दाखवतात. आडव्या अक्षावर चालीचा क्रमांक आणि उभ्या अक्षावर घड्याळात उरलेले सेकंद मांडा. १८० पासून चाळिसाव्या चालीच्या शून्यापर्यंत एक सरळ रेघ आखा, आणि तुमचा वक्र तिच्या कोणत्या बाजूला जातो ते पाहा. पाच-सहा हरलेले डाव एकाच कागदावर काढले की ढंग उघडा पडतो.

काहींचा वक्र रेघेच्या खूप वर राहतो. घड्याळात ११० सेकंद शिल्लक असतात आणि वजीर मात्र गेलेला असतो. त्याने वेळ वाचवून काय साधले? अशा खेळाडूने प्रत्येक चालीपूर्वी एकच गोष्ट पाहावी : समोरच्याच्या ताज्या चालीने माझे कोणते मोहरे माऱ्यात आले? ही सवय १५ मिनिटांच्या डावांत मुरवावी लागते. घाईत ती नव्याने लागत नाही.

काहींचा वक्र आठव्या-नवव्या चालीला कड्यासारखा कोसळतो. एकाच चालीला ४० सेकंद! हा सुरुवातीच्या चालींचा अपुरा परिचय. त्यावर दहा प्रकारच्या सुरुवाती पाठ करणे हा उपाय नव्हे. पांढऱ्याकडून एक आणि काळ्याकडून दोन एवढ्याच निवडाव्यात, आणि प्रत्येक चालीचे कारण मित्राला समजावून सांगता येईपर्यंत त्या सोडू नयेत. कड्याची जागा मग हळूहळू उजवीकडे सरकू लागते, आणि ती दर महिन्याला कोठे आली हे आलेखात मोजता येते. आणखी काही खेळाडू जिंकत आलेला डाव अखेरीस वेळेअभावी घालवतात. त्यांच्यासाठी एक कसोटी देतो. राजा आणि वजीर विरुद्ध एकटा राजा, ही मात अचूक खेळल्यास जास्तीत जास्त १० चालींत होते. वजिराऐवजी हत्ती असेल तर जास्तीत जास्त १६ चालींत. कोणतीही स्थिती मांडून ती २० सेकंदांत होते का पाहा. न जमल्यास घड्याळ बाजूला ठेवून सावकाश दहादा करा, मग पुन्हा घड्याळ लावा.

गुणांकनाबद्दलही दोन शब्द. ही पद्धत बसवणारे अर्पाद एलो हे अमेरिकेतील मिलवॉकी शहरात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, याचा आम्हा भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना थोडा अभिमान आहे! जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये ती स्वीकारली. दोघांत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याला १०० डावांत सुमारे ७६ गुण मिळावेत, अशी तिची मांडणी आहे. संकेतस्थळांवरील पद्धती याच कल्पनेवर उभ्या आहेत. संकेतस्थळ तुम्हाला तोडीस तोड प्रतिस्पर्धी शोधून देते, म्हणजे प्रत्येक डाव जवळजवळ नाणेफेक असतो. आता रुपयाचे नाणे २० वेळा उडवा. १२ किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणजे खेळात काडीचाही फरक न पडता १२ विजय आणि ८ पराभव सहज होऊ शकतात, आणि उलटही. एका विजयाला ८ गुण धरले तर एका संध्याकाळी ३२ गुण वर किंवा खाली! त्या ३२ गुणांवर हुरळून जाऊ नये. ते परत मिळवण्याच्या हट्टाने रात्री अकरापर्यंत जागणे तर नकोच, कारण थकलेला मेंदू नाण्याइतकाही निःपक्षपाती राहत नाही.

शेवटी एक हिशेब तुमच्यासाठी. ३ मिनिटांचा एक डाव दोघांचा मिळून जास्तीत जास्त ६ मिनिटे चालतो. म्हणजे २० तासांत २०० डाव होतात. प्रत्येक डावानंतर १० मिनिटे आलेख आणि चुका तपासण्यात घालवली, तर त्याच २० तासांत ७५ डाव होतील. एक महिना पहिल्या पद्धतीने आणि एक महिना दुसऱ्या पद्धतीने खेळा, प्रत्येक रविवारचे गुणांकन टिपून ठेवा आणि दोन्ही महिन्यांच्या रेघा एकाच कागदावर काढा.