विमानाचा मार्ग बंद झाला, तर ‘पैसे परत’ लगेच का दाबू नये

झाशीच्या सदर बाजारातून बोलतोय. इथली मराठी घरं जुनी आहेत, काही तर नेवाळकरांच्या काळापासूनची. आज त्याच घरांतली मुलं दुबई, सिंगापूर, लंडनला नोकरी करतात आणि आई-वडील नातवंडांसाठी वर्षा-दोन वर्षांनी तिकडे फेरी मारतात. आजचा विषय त्यांचाच आहे. बडोदा, बेळगाव, कोल्हापूर, जिथून परदेशी जायचं तर आधी दुसरं शहर गाठावं लागतं, तिथल्या सगळ्यांचा आहे.

झाशीहून प्रवासी विमानं उडत नाहीत. ग्वाल्हेरचा विमानतळ साधारण १०० किलोमीटरवर आहे, पण परदेशी जायला आमचा खरा विमानतळ दिल्लीचाच. गतिमान एक्सप्रेसनं साडेचार तास. कुणी पुण्याला नातेवाइकांकडे चार दिवस राहून तिथून पुढे जातात. आणि मग प्रश्न येतो, ‘पुण्याहून इतकं महाग आणि दिल्लीहून स्वस्त, असं कसं? अंतर तर फार वेगळं नाही!’

पहिली गोष्ट लक्षात घ्या. विमानाचं भाडं एसटीसारखं किलोमीटरवर ठरत नाही. समजा, विमानात १८० जागा आहेत. कंपनी त्यांचे दहा-बारा गट करते आणि प्रत्येक गटाचा दर वेगळा ठेवते. स्वस्त गट संपला की पुढचा महाग गट उघडतो. शेजारच्या दोन खुर्च्या, जेवण तेच, पण एकानं २० हजार दिलेले असतात आणि दुसऱ्यानं ४० हजार. कोणत्या गटात किती जागा ठेवायच्या, हे संगणक रोज बदलतो. मागच्या वर्षी या तारखेला किती लोक गेले, सुट्ट्या कधी आहेत, समोरच्या कंपनीचा दर काय आहे, हे सगळं तो बघतो. अमेरिकेत १९७८ मध्ये भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठू लागलं आणि त्यानंतर ही पद्धत वाढली. आपल्याकडे १९९४ नंतर खासगी कंपन्यांना रीतसर दार उघडलं आणि भाडं ठरवणं कंपन्यांच्या हातात गेलं.

दुसरी गोष्ट स्पर्धेची. दिल्लीहून सिंगापूरला जायला अनेक कंपन्या आहेत. एकीनं भाव वाढवला की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. पुण्याहून थेट जाणारं विमान असलंच तर एखादंच. मग भाव कमी करायची गरज कुणाला?

तुम्ही म्हणाल, मागणी आहे तर आणखी विमानं का सुरू करत नाहीत? दोन अडचणी आहेत. पुण्याचा लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचा. धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरची, त्यामुळे लांब पल्ल्याची मोठी विमानं पूर्ण भारानं उडवणं कठीण. दुसरी अडचण देशादेशांतल्या करारांची. परदेशी कंपनीला मनात येईल त्या शहरात उतरता येत नाही. आठवड्याला किती जागा आणि कोणती शहरं, हे दोन सरकारं ठरवतात. भारत आणि दुबई यांच्यातला कोटा २०१४ पासून आठवड्याला साधारण ६५ हजार जागांवर अडकून राहिला. एमिरेट्स भारतातल्या नऊ शहरांत येऊ लागली, पण त्यांत ना पुणे, ना नागपूर. आपल्या कंपन्यांना वाढायला वाव मिळावा, ही सरकारची बाजू. तिच्यात तथ्य आहे, पण तोवर छोट्या शहरातला प्रवासी थांबून राहतो.

आता मार्ग बंद होण्याकडे येऊ. विमान ही कंपनीची सगळ्यात महागडी वस्तू. ते जास्त कमाईच्या मार्गावर फिरवलं जातं आणि तंगी आली की कात्री आधी बारीक मार्गांवर चालते. जून २०२५ चं उदाहरण घ्या. अहमदाबादच्या अपघातानंतरच्या जादा तपासण्या आणि बंद असलेली हवाई हद्द यांमुळे एअर इंडियानं काही उड्डाणं तात्पुरती कमी केली. दिल्ली-हीथ्रोच्या आठवड्याच्या २४ फेऱ्या २२ झाल्या. गोव्याच्या मोपाहून लंडन गॅटविकला आठवड्याला तीन फेऱ्या होत्या, त्या १५ जुलैपर्यंत शून्य झाल्या. पुणे-सिंगापूरही तेव्हाच थांबलं. कारण खरं होतं, सुरक्षेत तडजोड नकोच. पण फरक बघा. दिल्लीच्या प्रवाशाची वेळ बदलली, मोपाच्या प्रवाशाचा रस्ताच गेला.

देशातही तेच. उडान योजनेबद्दल कॅगच्या २०२३ च्या अहवालात आहे की दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. उरलेल्या ३७१ पैकी सवलतीची तीन वर्षं ११२ मार्गांनीच पूर्ण केली. तेव्हा घराजवळून नवं विमान सुरू झालं की आनंद जरूर माना, पण सहा महिन्यांनंतरचं लग्न किंवा बाळंतपण त्याच्यावर विसंबून ठेवू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या आतेभावाला मुलीच्या बाळंतपणासाठी जायचं होतं. उड्डाण रद्द झाल्याचा संदेश आला, खाली दोन पर्याय होते. त्यानं ‘पैसे परत’ दाबलं. पैसे पूर्ण आले, कंपनीनं काहीच बुडवलं नाही. पण नवं तिकीट जवळजवळ दीडपट पडलं आणि तो पोहोचला तेव्हा नात चार दिवसांची झाली होती.

असं का होतं? मार्ग बंद होतो तेव्हा त्याचे सगळे प्रवासी एकदम उरलेल्या विमानांकडे धावतात आणि स्वस्त गट पटकन संपतात. परतावा मिळतो जुन्या भावानं, तिकीट घ्यावं लागतं आजच्या भावानं. मधला फरक तुमच्या खिशातून जातो.

आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम असा आहे की उड्डाण रद्द झालं तर प्रवाशाला मान्य होईल तसं दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा द्यायचा. भरपाई वेगळी, ती वेळेत कळवलं नाही तरच, आणि जास्तीत जास्त १० हजार रुपये. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघताना मात्र तिथला नियम लागतो. लांबचं उड्डाण असेल आणि १४ दिवसांच्या आत रद्द झालं, तर ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते, कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल तर.

म्हणून चार गोष्टी सांगतो. एक, संदेश आला की आधी दुसरं विमान मागा, जवळच्या दुसऱ्या शहरातून चालेल का तेही विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. परतावा शेवटी. दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा. दोन, देशातलं आणि परदेशातलं विमान शक्यतो एकाच तिकिटावर घ्या. पहिल्याला उशीर होऊन पुढचं चुकलं तर पुढे पोहोचवायची जबाबदारी कंपनीची राहते, आणि सामानाची मर्यादाही बहुधा परदेशी प्रवासाचीच मिळते. वेगळं तिकीट हजार-दोन हजारांनी स्वस्त दिसतं, पण जोखीम सगळी तुमची. तीन, रेल्वे त्या तिकिटात नसते. झाशीहून दिल्लीला जाताना, विशेषतः धुक्याच्या दिवसांत, एक रात्र हाताशी ठेवा. चार, भाव बघताना टॅक्सी, मुक्काम, जादा सामान सगळं धरून बेरीज करा. त्या बेरजेत कधी कधी महाग वाटलेलं पुणेच स्वस्त निघतं.

मार्ग कुठले ठेवायचे हे आपल्या हातात नाही. मोबाइलवरचं ते बटण मात्र आपल्याच हातात आहे. घरात कुणी एकटं प्रवासाला निघणार असेल, तर एवढं त्यांना आजच सांगून ठेवा.