रेडिओ लहर आली कोणत्या दिशेने?

घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर दिवसा मध्यम लहरींवर जवळचे एखादे केंद्र लावा आणि संच आडवा धरून सावकाश स्वतःभोवती फिरा. एका स्थितीत आवाज अगदी क्षीण होईल. त्या वेळी आतल्या फेराइट कांडीचे टोक केंद्राकडे असते. पण कोणते टोक? छत्रपती संभाजीनगरात उभे राहून केंद्र पैठणच्या बाजूला की फुलंब्रीच्या, हे काही संच सांगत नाही!

यासाठी दुसरा आकाशक, म्हणजे अँटेना, हवा. लहर ज्याच्याकडे आधी पोचेल, त्या बाजूने ती आली.

समजा, पैठणच्या नाथसागराच्या काठी तुम्ही व तुमचा मित्र 10 मीटर अंतरावर उभे आहात. लाट समोरून आली तर दोघांचे पाय एकदम भिजतील. 30 अंश तिरपी आली तर दुसऱ्यापर्यंत पोचायला तिला 10 × साइन 30, म्हणजे 5 मीटर जास्त जावे लागेल. रेडिओ लहर एवढे अंतर सेकंदाच्या 6 कोटीव्या भागात कापते. म्हणून बहुधा वेळ न मोजता दोन्हीकडच्या लहरींचे चढउतार ताडून पाहतात. हाच कलेतील फरक.

अंतर वाढवले की दिशा अधिक बारकाईने कळते. मात्र येथे एक गोम आहे. सगळ्या लाटा सारख्याच! मित्राच्या पायाशी आली ती तुमचीच लाट की तिच्या मागची? अंतर अर्ध्या तरंगलांबीहून जास्त झाले की हा घोटाळा सुरू होतो आणि एकाऐवजी अनेक दिशा खऱ्या वाटू लागतात.

कल्याणला 1965 साली गोविंद स्वरूप यांनी या घोटाळ्यातूनच वाट काढली. सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथे निकामी ठरलेल्या 1.8 मीटर व्यासाच्या 32 तबकड्या भारताला भेट मिळाल्या होत्या. त्यांतल्या 24 पूर्व-पश्चिम 630 मीटर लांब रांगेत व 8 दक्षिणोत्तर मांडल्या. तरंगलांबी सुमारे 49 सेंटिमीटर. पूर्व-पश्चिम रांगेत शेजारच्या तबकड्यांमधील अंतर त्याच्या पन्नासपटींहून जास्त, तेव्हा संभ्रम अटळच! पण गणित करून पाहा : या खोट्या दिशा एकमेकींपासून साधारण 1 अंश दूर पडतात, आणि सूर्यबिंब तर अर्ध्याच अंशाचे. म्हणजे एका वेळी एकच दिशा सूर्यावर. सूर्य पाहायला एवढे पुरे होते.

पुढे स्वरूप यांनीच नारायणगावजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची दुर्बीण उभारली. तिचा पसारा सुमारे 25 किलोमीटर. तेथे मात्र तबकड्या समान अंतरावर नाहीत. का बरे? आता तुम्हीच सांगा.